अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, हे नक्की काय प्रकरण आहे?

नाशिकचा_चिवडा

मंडळी एक शंका आहे. राजकारण नको असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण विषयच राजकारणाचा आहे, पण जमलं तर एकमेकांच्या अंगावर न जाता उत्तरं द्या.

माझे दोन आतेभाऊ अमेरिकेत, एक न्यू जर्सीला आणि एक टेक्सासला. दोघांचं ग्रूपवर जुंपलंय. जर्सीवाला म्हणतो आमच्या राज्यात व्हिसा-बिसा काही नसलेल्या माणसालाही लायसन्स मिळतं आणि ते बरोबरच आहे, टेक्सासवाला म्हणतो हा शुद्ध मूर्खपणा आहे, मग आम्ही इतकी वर्षं लायनीत उभे राहिलो ते काय गंमत म्हणून का. दोघंही शिकलेले आहेत, दोघांचंही ऐकताना पटतं आणि दुसऱ्याचं ऐकलं की ते पण पटतं.

माझे प्रश्न अगदी बाळबोध आहेत. जो माणूस त्या देशात असणंच कायद्याला धरून नाही तो सरकारी ऑफिसात जाऊन रांगेत उभा राहतो, फोटो काढून घेतो, स्वतःचा पत्ता लिहून देतो, आणि खिडकीमागचा माणूस पोलिसांना फोन न करता त्याच्या हातात कार्ड ठेवतो? हे कसं काय? आणि ते कार्ड मिळालं की तो रीतसर झाला का? मत देऊ शकतो का? आपल्याकडे आरटीओत एक कागद कमी असला तर परत पाठवतात हो.

---

जर्सीवाले_काका

चिवडेसाहेब, प्रश्न बाळबोध नाहीत, इथे जन्मलेल्या लोकांनाही हे नीट माहीत नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे इथे लायसन्स राज्य देतं आणि कोण देशात राहू शकतो ते केंद्र ठरवतं. ही दोन पूर्ण वेगळी खाती आहेत. लायसन्सच्या खिडकीवरची बाई राज्याची नोकर आहे, तिचं काम तुम्हाला सिग्नल कळतो का, डोळे ठीक आहेत का, गाडी वळवता येते का आणि तुम्ही स्वतःला जो म्हणवताय तोच आहात का, एवढंच बघायचं. सध्या १९ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी असं मानतात की तिने एवढंच बघावं. बाकीची राज्यं म्हणतात की नाही, कायदेशीर वास्तव्याचा पुरावा पण बघायचा.

आणि हे आधीपासून असं नव्हतं बरं का. १९९३ पर्यंत कॅलिफोर्नियात हा पुरावा कोणी मागतच नव्हतं, त्या वर्षी कायदा झाला आणि मागायला लागले. म्हणजे "आता हे नवीन खूळ काढलंय" असं जे लोक म्हणतात त्यांना सांगा, खूळ म्हणायचंच तर पुरावा मागणं हे नवीन आहे. नंतर ९/११ झालं. हल्ला करणाऱ्या १९ पैकी १८ जणांनी अमेरिकेतलं काही ना काही ओळखपत्र मिळवलं होतं, काहींनी फसवून. त्यावरून २००५ साली रिअल आयडी कायदा आला, की विमानात बसायला आणि केंद्राच्या इमारतीत शिरायला जे लायसन्स चालेल ते द्यायच्या आधी राज्याने इमिग्रेशन स्टेटस तपासलंच पाहिजे. पण त्याच कायद्याने एक दार उघडं ठेवलं. राज्य दुसऱ्या प्रकारचं कार्ड देऊ शकतं, फक्त हे केंद्राच्या कामाला चालणार नाही असं त्यावर स्पष्ट हवं. कागद नसलेल्यांना जे मिळतं ते हे दुसरं कार्ड. कॅलिफोर्नियाच्या कार्डावर "फेडरल लिमिट्स अप्लाय" असं छापलेलं असतं, आमच्या जर्सीच्या साध्या लायसन्सवर "रिअल आयडीच्या कामासाठी नाही" अशा अर्थाची ओळ. ७ मे २०२५ पासून विमानतळावर याची अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे हे कार्ड दाखवून विमानात बसता येत नाही.

रीतसर होतो का? नाही. नोकरीचा परवाना मिळतो का? नाही. मत देता येतं का? नाही, मत फक्त नागरिकाला. गाडी चालवता येते आणि पोलिसाने थांबवलं तर दाखवायला नाव-पत्त्याचा कागद असतो. संपलं.

---

ह्यूस्टनकर_दादा

काकांनी फार गोड करून सांगितलंय. खरी गोष्ट अशी की अमेरिकेत लायसन्स म्हणजे नुसतं लायसन्स नाही. इथे आधार कार्ड नाही, रेशन कार्ड नाही. घर भाड्याने घ्या, सिम घ्या, कुरिअर सोडवा, बिअर घ्या, सगळीकडे "ड्रायव्हर्स लायसन्स?" एवढंच विचारतात. म्हणजे हे कार्ड दिलं की त्या माणसाचा इथे जम बसतो, आणि जम बसला की तो का जाईल? सरकारने एका हाताने म्हणायचं तू इथे नको आणि दुसऱ्या हाताने त्याला ओळखपत्र द्यायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

वर अजून, परदेशातून आलेला पासपोर्ट, जन्मदाखला खरा की खोटा हे लायसन्स ऑफिसातल्या कारकुनाने कसं ओळखायचं? न्यू मेक्सिकोने २००३ पासून सरसकट द्यायला सुरुवात केली तर बाहेरच्या राज्यातले लोक खोटे पत्ते लावून तिथे लायसन्स काढायला यायला लागले, दलालांच्या टोळ्या पकडल्या गेल्या, शेवटी २०१६ ला त्यांना दोन प्रकारची कार्डं करावी लागली. टेनेसीने अशाच लोकांसाठी वेगळं सर्टिफिकेट काढलं होतं, २००६ मध्ये बंद केलं, त्याच कारणाने. हे कोणी सांगत नाही.

---

जर्सीवाले_काका

@ह्यूस्टनकर_दादा न्यू मेक्सिको आणि टेनेसीचं बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण त्याचं एक कारण हेही होतं की आजूबाजूला कुठेच मिळत नव्हतं म्हणून सगळे तिथे धावले. आणि युटाहचं बोला ना मग. युटाह म्हणजे काही डाव्या लोकांचा अड्डा नाही, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला आहे. तिथे २००५ पासून "ड्रायव्हिंग प्रिव्हिलेज कार्ड" देतात, दर वर्षी रिन्यू करायचं, बोटांचे ठसे द्यायचे, आणि कार्डावरच लिहिलंय की हे ओळखपत्र नाही. त्यांचं गणित साधं होतं, हा माणूस तसाही गाडी चालवणार आहे, तर निदान इन्शुरन्स तरी काढू दे.

कारण इथे बस-लोकल नाही हो. चिवडेसाहेब, नाशिकहून सिन्नरला जायचं तर एसटी मिळते, इथे शेतावर किंवा गोडाऊनमध्ये पहाटेच्या शिफ्टला जायला गाडीशिवाय दुसरा मार्गच नसतो. लायसन्स नसलेला माणूस घरी बसत नाही, तो लायसन्सशिवाय चालवतो. आणि ठोकली तर थांबत नाही, पळतो, कारण थांबला तर गाडी जप्त (कॅलिफोर्नियात ३० दिवस अडकवून ठेवायचे, दंड आणि यार्डाचं भाडं मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचं) आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियाचा एबी ६० कायदा, म्हणजे कागद नसलेल्यांना लायसन्स द्यायचा, जानेवारी २०१५ पासून लागू झाला, पहिल्या वर्षातच ६ लाखांवर लोकांनी लायसन्स काढलं, २०१८ पर्यंत १० लाख झाले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्यावर अभ्यास केला, २०१७ ला आला तो. निष्कर्ष असा की एकूण अपघात वाढले नाहीत, पण ठोकून पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी कमी झाले. आता तुम्ही म्हणाल एका अभ्यासावरून काय होतं. ठीक आहे, पण दुसऱ्या बाजूने "अपघात वाढतील" म्हणून जी भीती घातली जात होती ती तरी खरी ठरली नाही ना.

---

रिन्यूअल_पीडित

माझा थोडा वेगळा सूर आहे आणि कोणाला आवडणार नाही बहुतेक.

मी एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहे, टॅक्स वेळेवर, सगळं वेळेवर. आमच्या राज्यात (नाव नको) लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते, म्हणजे आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची सरकारी नोंद) ज्या तारखेला संपतो त्याच तारखेला लायसन्स पण संपतं. आता एक्स्टेंशनचा अर्ज वेळेत टाकला असेल तर निकाल येईपर्यंत कायद्याने मी २४० दिवस काम करू शकतो, त्यात काही बेकायदेशीर नाही. पण लायसन्सच्या खिडकीवर ती पावती दाखवली तर म्हणाले की केंद्राच्या सिस्टिममधून व्हेरिफिकेशन यायला पाहिजे, ते येईना, मी रोज जाऊन विचारतोय, शेवटी ऑफिसला जायला बायको सोडायची आणि बायकोचं लायसन्स माझ्याच व्हिसावर, ते पण संपलं, मग दोघंही शेजाऱ्याच्या गाडीतून. थंडीच्या दिवसात पोराला शाळेत सोडायला पण दुसऱ्याला विनंती.

आणि अशा वेळी बातम्यांत बघतो की दुसऱ्या राज्यात काहीच कागद नसलेल्याला अनेक वर्षांचं लायसन्स मिळतं. त्रास होतो का? होतो. खोटं कशाला बोलू.

---

नेपरव्हिलची_मावशी

@रिन्यूअल_पीडित तुझा त्रास समजतो रे, पण राग कोणावर काढायचा ते नीट बघ.

मी इलिनॉयला आले तेव्हा एच-४ वर होते (एच-१बीवाल्याच्या बायकोचा व्हिसा), म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. आम्हाला तेव्हा एक वेगळं लायसन्स मिळायचं, टेम्पररी व्हिजिटर म्हणून, वर जांभळा पट्टा आणि "ओळखपत्र म्हणून ग्राह्य नाही" अशी ओळ. मी व्हिसावर रीतसर आलेली बाई, तरी एका दुकानात सर्दीचं औषध घ्यायला गेले (इथे काही औषधांना आयडी लागतो) तर काउंटरवरच्या पोरीने कार्ड उलटसुलट करून परत दिलं, हे चालणार नाही म्हणाली. पासपोर्ट घेऊन फिरायचं मग पर्समध्ये.

नंतर २०१३ च्या कायद्याने हेच जांभळ्या पट्ट्याचं कार्ड कागदपत्रं नसलेल्यांनाही द्यायला लागले. मग झालं काय, की ते कार्ड दाखवलं की समोरचा माणूस मनात ठरवूनच टाकायचा. पोळ्या लाटणाऱ्या मावशींना पण तेच आणि आयटीवाल्याच्या बायकोला पण तेच. आमच्या मंडळातल्या काही जणींना याचा फार राग यायचा, "आम्हाला त्यांच्यात का घातलं" म्हणून. मला मात्र राग त्या पट्ट्याचा यायचा. जुलै २०२४ पासून इलिनॉयने तो प्रकार बंद करून सगळ्यांना साधं स्टँडर्ड लायसन्स द्यायला सुरुवात केली.

आता तुझा मुद्दा. तुझ्या राज्याने जर रिअल आयडी वेगळं आणि साधं लायसन्स वेगळं ठेवलं असतं, आणि साध्यासाठी स्टेटस विचारलंच नसतं, तर तुला त्या व्हेरिफिकेशनची वाट बघत बसायला लागलंच नसतं. तुझं लायसन्स अडवलंय ते स्टेटस तपासायच्या नियमाने. कागद नसलेला मेक्सिकन त्यात कुठे आला?

---

रिन्यूअल_पीडित

मावशी हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. तरी मनाला पटायला वेळ लागेल.

---

ह्यूस्टनकर_दादा

@मावशी म्हणजे स्टेटस तपासणंच बंद करा कारण तपासणारी यंत्रणा हळू आहे? यंत्रणा सुधारा की मग!

---

फ्रॅमिंगहॅमकर

मॅसॅच्युसेट्सचं सांगतो, कारण आमच्याकडे हे थेट लोकांच्या मतदानाला आलं होतं आणि मी तेव्हा नुकताच नागरिक झालो होतो त्यामुळे मत द्यायला मिळालं.

आमचं गाव ब्राझिलियन लोकांनी भरलेलं आहे, बेकरी, सलून, रंगकाम, घरं साफ करणं, बर्फ काढणं, सगळं तेच करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे कागद नाहीत हे उघड गुपित आहे. ते सगळे गाडी चालवत होतेच. सकाळी सहाला तुमच्या दारातला बर्फ उपसायला माणूस ट्रक घेऊन येतो तो काय चालत येतो का! सगळ्यांना माहिती, पोलिसांना पण माहिती. राज्यातल्या बऱ्याच पोलीस प्रमुखांनी आणि शेरीफांनी कायद्याला पाठिंबा दिला तो उगीच नाही, त्यांचं म्हणणं की गाडी थांबवल्यावर समोरचा कोण आहे हे आम्हाला कळायला हवं.

विधिमंडळाने २०२२ मध्ये विधेयक मंजूर केलं, तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर (रिपब्लिकन, पण मवाळ) यांनी व्हेटो केला. त्यांची दोन कारणं होती. लायसन्स खात्याला परदेशी कागद तपासायची अक्कल नाही हे एक, आणि चुकून कोणाचं नाव मतदार यादीत जाईल हे दुसरं. दुसरं कारण अगदीच हवेतलं नव्हतं, कारण इथे लायसन्स काढताना नागरिकांची मतदार नोंदणी आपोआप होते, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात त्या खात्याच्या गोंधळाने सुमारे १५०० अपात्र लोकांची नावं गेली होती, त्यात नागरिक नसलेले पण होते. पण गंमत अशी की कॅलिफोर्नियाच्या खात्याने सांगितलं की त्यात कागद नसलेले लोक नव्हते. कारण त्यांचा अर्ज त्या वाटेने जातच नाही.

तर विधिमंडळाने जूनमध्ये व्हेटो मोडून काढला. मग विरोधकांनी सह्या गोळा करून प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणला, प्रश्न क्रमांक ४, कायदा ठेवायचा की नाही. जवळपास ५४ टक्के लोकांनी ठेवा म्हटलं. १ जुलै २०२३ पासून सुरू झालं.

यात महत्त्वाचं म्हणजे ओरेगनमध्ये २०१४ साली हाच प्रश्न लोकांपुढे गेला होता तर दोन तृतीयांश लोकांनी उडवून लावला होता. ओरेगन! जे राज्य इतकं उदारमतवादी समजतात ते. म्हणजे हा विषय डावे-उजवे असा सरळ नाहीच.

आणि "काहीही न दाखवता मिळतं" हे बरोबर नाही. मुदत न संपलेला परदेशी पासपोर्ट किंवा वकिलातीचं ओळखपत्र लागतं, शिवाय जन्मदाखला, स्वतःच्या देशाचं ओळखपत्र किंवा लायसन्स असं अजून एक काहीतरी. राज्यात राहत असल्याचा पुरावा वेगळा. मग लेखी, मग गाडी चालवून दाखवायची. आमच्याकडचा रंगारी लेखीत नापास झाला होता, उजवीकडे वळायच्या नियमात. बारा वर्षं या रस्त्यांवर गाडी चालवतोय म्हणे.

---

जुनं_पान

धागा वाचतोय मगापासून. राजकारणाची बाजू कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो, कारण या एका लायसन्सने किती जणांच्या खुर्च्या हलल्यात ते बघण्यासारखं आहे.

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस. आमदार गिल सेडिओ वर्षानुवर्षं हे विधेयक घेऊन मागे लागलेले, डेव्हिसनी आधी व्हेटो केलं. मग २००३ मध्ये त्यांना परत बोलावण्याची निवडणूक लागली, लॅटिनो मतं हवी होती, तर सप्टेंबरात घाईघाईने सही केली. झालं उलटंच. लोक म्हणाले हा मतांसाठी काहीही करेल. ऑक्टोबरात डेव्हिस गेले, अर्नोल्ड श्वार्झनेगर आले, जे स्वतः ऑस्ट्रियातून आलेले, आणि डिसेंबरपर्यंत कायदा रद्द, लागू व्हायच्या आधीच! पुढे दहा वर्षांनी जेरी ब्राऊननी एबी ६० वर सही केली तेव्हा कोणाची खुर्ची हलली नाही. मधल्या काळात मतदार बदलला होता.

न्यूयॉर्कची कथा तर याहून भारी. २००७ मध्ये गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनी विधिमंडळाला न विचारता, आपल्या अधिकारात जाहीर करून टाकलं की लायसन्स देणार. राज्यभर बोंब उठली. तिथे बऱ्याच काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) लायसन्सचं ऑफिस काउंटी क्लार्क चालवतात, त्यातले कित्येक जण म्हणाले आम्ही देणारच नाही. टीव्हीवर लू डॉब्स रोज रात्री तेच दळण दळायचे. आणि नेमकी तेव्हा हिलरी क्लिंटन आणि ओबामा यांची उमेदवारीची लढत चालू. ३० ऑक्टोबरला फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये सूत्रसंचालक टिम रसर्टनी हिलरींना विचारलं, स्पिट्झरची योजना बरोबर का? त्या म्हणाल्या स्पिट्झर जे करू बघतायत त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. दुसरे एक उमेदवार क्रिस डॉड शेजारून म्हणाले हे चूक आहे, तर लगेच ह्या म्हणाल्या, हे करायला हवं असं मी म्हटलंच नाही. दोन मिनिटांत दोन उत्तरं! तोपर्यंत त्यांना कोणी हात लावू शकत नव्हतं, तिथून पहिली ठिणगी पडली असं त्यावेळी सगळे लिहीत होते. दोन आठवड्यांनी स्पिट्झरनी योजना मागे घेतली.

आता खरी मजा. त्या वेळी स्पिट्झरच्या योजनेला जोरात विरोध करणाऱ्यांत बफेलोकडच्या ईरी काउंटीच्या क्लार्क होत्या, स्पिट्झरच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या असूनही. त्यांचं नाव कॅथी होकल. होय त्याच, आजच्या न्यूयॉर्कच्या गव्हर्नर. २०१९ मध्ये न्यूयॉर्कने शेवटी "ग्रीन लाइट" कायदा केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या अॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी त्या कायद्याविरुद्ध खटला भरला तेव्हा प्रतिवादींच्या यादीत होकलबाई! कधीकाळी ज्या गोष्टीला विरोध केला तिचंच समर्थन कोर्टात करायचं.

राजकारण्यांची मतं बदलतात यात नवल नाही. पण तत्त्वाचा म्हणून मिरवलेला हा वाद प्रत्यक्षात कुठल्या वर्षी कुठल्या जिल्ह्यातून किती मतं येतात यावर हलतो हे मात्र ध्यानात ठेवा.

---

नाशिकचा_चिवडा

बापरे, एवढं असेल वाटलं नव्हतं. जुनं पान साहेब तुमची ती होकलबाईंची गोष्ट मी दोन्ही आतेभावांना पाठवली, दोघं पहिल्यांदाच एकत्र हसले.

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. त्या ऑफिसात पत्ता आणि फोटो दिला तर पकडायला येत नाहीत का? सध्या तर तिकडे रोज धरपकडीच्या बातम्या आहेत.

---

फ्रॅमिंगहॅमकर

हाच खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर "राज्यावर अवलंबून" असं आहे.

न्यूयॉर्कच्या ग्रीन लाइट कायद्यात म्हणूनच दोन कलमं आहेत ज्यांच्यावर केंद्राचा सगळ्यात जास्त राग आहे. एक म्हणजे कोर्टाचा आदेश असल्याशिवाय लायसन्सची माहिती इमिग्रेशनवाल्यांना द्यायची नाही. दुसरं म्हणजे त्यांनी मागितली तर ज्याची मागितली त्या माणसाला खात्याने कळवायचं. बाँडींच्या खटल्याचा रोख याच दोन्हींवर होता. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प सरकारने न्यूयॉर्कच्या लोकांना ग्लोबल एंट्रीसाठी अर्जच करू देणं बंद केलं होतं, याच कायद्याचा सूड म्हणून. यात मार कोणाला बसला? तर ग्रीन कार्डवाल्या, नागरिक झालेल्या देसी लोकांना, जे दर वर्षी मुंबईला जातात आणि परत येताना लाइन टाळायला ग्लोबल एंट्री घेतात. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा वाद आपल्या दारापर्यंत पण येतो. जुलैत ती बंदी उठवली.

उलट युटाह आणि व्हरमाँटमध्ये २०१९ ला उघड झालं की आईसने (केंद्राचं इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं) तिथल्या लायसन्सच्या फोटोंच्या साठ्यात चेहरे जुळवून बघण्यासाठी विनंत्या केल्या होत्या. म्हणजे ज्यांनी विश्वासाने जाऊन फोटो दिला त्यांचेच फोटो. त्यामुळे आता आमच्या ब्राझिलियन लोकांत सुद्धा दोन तट आहेत, काही म्हणतात काढून ठेव, काही म्हणतात पत्ता देऊ नको.

---

नेपरव्हिलची_मावशी

आणि यात आपले लोक नाहीत अशा भ्रमात कोणी राहू नका. प्यू रिसर्चच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये अमेरिकेत कागदपत्रं नसलेले भारतीय ७ लाखांच्या वर होते, मेक्सिको आणि एल साल्वाडोर नंतर तिसरा नंबर. बरेचसे गुजरात, पंजाब, हरियाणाचे असं आपण म्हणतो, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बेड्या घालून लष्करी विमानाने १०४ जणांना अमृतसरला आणलं त्यात ३ जण महाराष्ट्राचे पण होते. आणि सगळे काही जंगलातून चालत आलेले नसतात. नोकरी गेली, ६० दिवसांत दुसरी मिळाली नाही, एक्स्टेंशन नाकारलं गेलं, मुलांची शाळा चालू आहे म्हणून थोडं थांबले, असे पण असतात. आपल्या मंडळात आरतीला शेजारी उभे असतात, कोणाला सांगत नाहीत.

---

ह्यूस्टनकर_दादा

मावशी, अशा लोकांबद्दल वाईट मलाही वाटतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात काय झालं ते पण लिहा ना. हायवेवर भलत्या ठिकाणी यू-टर्न मारला एका ट्रकवाल्याने, तीन माणसं गेली. आपल्याच देशातला, बेकायदेशीर आलेला, आणि खिशात कॅलिफोर्नियाचं लायसन्स. ती तीन माणसं कोणाच्या धोरणाने गेली?

---

जुनं_पान

दादा, वाईट घटना होती आणि त्याचं कोणीच समर्थन करणार नाही. पण दोन वेगळी कार्डं एकात घालू नका, टीव्हीवाले मुद्दाम घालतात. आपण ज्याबद्दल बोलतोय त्या एबी ६० च्या कार्डावर अठरा चाकी ट्रक चालवता येत नाही. तो कमर्शियल परवाना, त्याचे नियम केंद्राचे. परदेशी नागरिकाला मिळतो त्याला "नॉन-डोमिसाइल्ड" म्हणतात आणि त्याला तेव्हा केंद्र सरकारनेच दिलेलं वर्क परमिट वगैरे लागायचं, आश्रयाचा अर्ज पेंडिंग असलेल्यांना पण ते मिळायचं. म्हणजे केंद्राच्या लेखी तो माणूस काम करायला मोकळा होता. राज्यांनी असे परवाने देताना गलथानपणा केला, मुदत बघितली नाही, हे ऑडिटमध्ये निघालं आणि परिवहन मंत्री शॉन डफी यांनी सप्टेंबरात नियम आवळले, तो भाग रास्त आहे. त्यात हजारो पंजाबी ड्रायव्हरांची झोप उडालीये, ज्यांची ड्रायव्हिंग चांगली आहे त्यांची पण. पण त्याचा मॅसॅच्युसेट्सच्या रंगाऱ्याशी संबंध नाही.

फ्लोरिडाने मात्र २०२३ मध्येच एक कायदा केलाय की दुसऱ्या राज्याने फक्त कागद नसलेल्यांसाठी म्हणून दिलेलं लायसन्स आमच्याकडे चालणार नाही. आता यातली पळवाट बघा, ज्या राज्यांचं कार्ड वेगळं दिसतं, जसं कनेटिकट, डेलावेअर, तिथलंच अडतं. जर्सी, मॅसॅच्युसेट्सचं साधं लायसन्स नागरिकाच्या पण खिशात तेच असतं, त्यावरून फ्लोरिडाच्या पोलिसाला काही ओळखता येत नाही. मावशींनी जांभळ्या पट्ट्याबद्दल लिहिलं त्याचं महत्त्व इथे आहे.

---

ह्यूस्टनकर_दादा

कमर्शियलचा फरक मान्य. बाकी माझं मत तेच आहे. गाडी चालवू द्यायची तर युटाहसारखं करा, फक्त गाडीपुरतं, ठसे घेऊन, वर मोठ्या अक्षरात लिहून. ओळख लपवायला मदत करणारं कार्ड मला मान्य नाही.

---

रिन्यूअल_पीडित

काका एक कामाचा प्रश्न. मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्सीला येतोय. एक्स्टेंशन अजून पेंडिंग आहे. तिथे मला साधं लायसन्स काढता येईल का?

---

जर्सीवाले_काका

साध्या लायसन्ससाठी इथे वास्तव्याचा पुरावा मागत नाहीत, मग तो नियम व्हिसावाल्यालाही लागू आहेच की. रिअल आयडीवर टिक करू नका, नाहीतर परत तेच व्हेरिफिकेशन सुरू होईल. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि जुनं लायसन्स संपलेलं असलं तरी बरोबर आणा, अपॉइंटमेंट ऑनलाइन आधी घ्या. मुदतीचं आणि टेस्ट परत द्यावी लागेल का हे खिडकीवर विचारून घ्या, आणि वकिलाला एक मेल टाकून ठेवा. विमानाला पासपोर्ट लागेल, तो तसाही तुमच्याकडे आहे. एडिसनला उतरलात की फोन करा, गाडी मिळेपर्यंत मी सोडत जाईन ऑफिसला.